बेबीआत्याचा मुक्काम

"पैसे आलेत," काउंटरवरची मुलगी म्हणाली, "पण बाहेरून आलेले नाहीत."

बेबीआत्याने चष्मा नाकावर नीट बसवला. मुलीने पडदा तिच्याकडे वळवला होता. रक्कम बरोबर होती, तारीख बरोबर होती. पाठवणाऱ्याच्या रकान्यात मात्र दादाचं नाव नव्हतं. चिऊचं होतं.

"ही माझी भाची. माझ्या भावाने तिकडून पाठवले, ते आधी तिच्या खात्यात आले आणि तिने माझ्याकडे वळते केले."

"तिचं खातं आमच्याकडचंच आहे. म्हणजे आमच्या हिशेबी पैसे देशातल्या देशात फिरले. व्हिसाच्या ऑफिसला जे पत्र लागतं, त्यात मला लिहावं लागतं की ही रक्कम परदेशातून थेट खातेदाराच्या नावावर आली. तसं मला लिहिता येणार नाही. माझी आई असती तरी लिहिता आलं नसतं."

आत्याला मुलगी आवडली. एकोणीस वर्षांत या शहरातल्या किती खिडक्यांसमोर ती उभी राहिली होती त्याची गणती नव्हती, आणि नाही म्हणताना कारण सांगणाऱ्या माणसांशी पुढे काम होतं हे तिला अनुभवाने माहीत होतं.

"आज पुन्हा पाठवले, थेट माझ्या नावावर, तर?"

"चारच्या आत निघाले तर गुरुवारी दुपारी इथे दिसतील. पत्र मी त्याच दिवशी देईन."

"शुक्रवारी दहाला तिकडे माझी वेळ आहे."

"मग आजच पाठवा," मुलगी म्हणाली. "उद्यावर टाकू नका."

मागे सोफ्यावर दादा आणि वहिनी बसले होते. इथली भाषा दोघांनाही येत नव्हती, पण मुलीने मान हलवलेली दोघांनी पाहिली होती.

"झालं?" दादाने विचारलं.

"नाही झालं. पैसे पाठवायच्या यादीत माझं नाव होतं, चिऊचं होतं. तू चिऊचं दाबलंस."

दादाचा चेहरा पडला. त्याने आधी बाबांच्या छापखान्यात आणि छापखाना गेल्यावर लोकांच्या छापखान्यांत मिळून पंचेचाळीस वर्षं प्रुफं तपासली होती. "असं कसं होईल?" तो पुटपुटला. "तिची कॉलेजची फी पाठवायचो, त्या सवयीने बोट गेलं असेल."

"अख्ख्या पुस्तकात सुटलेला एक काना सापडायचा तुम्हाला," वहिनी म्हणाली, "आणि सख्ख्या बहिणीचं नाव दिसलं नाही."

"काही बिघडलेलं नाही," आत्या म्हणाली. "चिऊकडून आलेले पैसे सावकाश परत पाठवू. आज माझी मुदत ठेव मोडायची. ती तुझ्या माझ्या दोघांच्या नावावर आहे, रक्कम पुरेशी आहे. घरी जाऊन लॅपटॉपवर बसलो की दहा मिनिटांचं काम."

कागदांची पिशवी छातीशी धरून तो दाराकडे निघाला.

*

बँकेपासून घर पंधरा मिनिटांवर होतं. वहिनी आत्याच्या बरोबरीने चालली होती आणि दादा चार पावलं मागे.

शनिवारी ते दोघं इथे उतरले ते वन्संना घेऊन जायलाच, असं वहिनी धरून चालली होती. वन्संनी महिन्यापूर्वी फोनवर सांगितलं होतं, की नोकरीची मुदत संपली, नोकरीवरचा व्हिसा महिनाअखेर संपेल आणि आता निवृत्तांचा लांब मुदतीचा व्हिसा घेऊन मी इथेच राहणार. पण माणूस फोनवर काहीही बोलतं. समोर भाऊ-भावजय दिसले की पाघळेल, असा दादाचा अंदाज होता, आणि वहिनीला तो पटला होता.

कोपऱ्यावर समोरून एक उंच म्हातारा आला. आत्याला पाहून थांबला आणि तोंड उघडून हसला. नुसता हसला नाही, दातांची वरची ओळ नखाने टकटक वाजवून दाखवली. आत्या जवळ गेली, मान तिरकी करून त्याच्या तोंडात बघितलं आणि काहीतरी म्हणाली. म्हातारा पोट धरून हसत पुढे गेला.

"काय म्हणालात त्याला?"

"म्हटलं, वरचे माझे आहेत, खालचे दुसऱ्या कुणाचे तरी आहेत. लवकर बदला."

वहिनीला माहीत होतं की वन्सं कवळ्या बनवतात. गेली एकोणीस वर्षं ती लोकांना तसंच सांगत आली होती, थोडं हळू आवाजात. पण कवळी म्हणजे शेवटी कुणाच्या तरी तोंडात जाते, आणि ते तोंड रस्त्यात भेटतं, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. पुढे फळवालीने हाक मारली. तिने सफरचंदाचा कचकन चावा घेऊन दाखवला आणि पैसे न घेता दोन सफरचंदं आत्याच्या पिशवीत टाकली. बसथांब्यावरची एक बाई लांबूनच ओठ फाकवून हसली.

"ही पण?"

"हिच्या पुढच्या चार दातांना मी तीन आठवडे घेतले होते. तिचा एक दात जन्मापासून जरा वाकडा होता. तो मी मुद्दाम तसाच वाकडा केला. कवळी तोंडात बसवल्यावर आरशात बघून रडली ती."

"वाकडा कशाला केलात?"

"तिची ओळख होती ना ती, वहिनी."

वहिनीने मागे वळून पाहिलं. दादा खाली बघत चालला होता. त्याने यातलं काही पाहिलं होतं की नाही, कळायला मार्ग नव्हता.

*

चिऊ दोन वाजता हॉस्पिटलातून आली ती धापा टाकतच. एक्स-रे विभागातली सकाळची पाळी संपवून तिने अर्धं अंतर पळत कापलं होतं. आत्याचा मेसेज तिने बसमध्ये वाचला होता.

"चूक माझीच," बूट काढता काढता ती म्हणाली. "पैसे माझ्याकडे आले तेव्हा मी विचारायला हवं होतं. दोन पेशंटच्या मध्ये घाईघाईत आत्याकडे पाठवून मोकळी झाले."

"चुका नंतर वाटून घेऊ," आत्या म्हणाली. "दोनच तास आहेत. बस."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडला होता. टेबलाला चारच खुर्च्या होत्या आणि या आठवड्यातच पहिल्यांदा त्या चारही भरल्या होत्या. चिऊने दादाचं खातं उघडलं, मुदत ठेव मोडण्याचं बटण दाबलं, मग थेट आत्याच्या नावावर रक्कम लावली. तीनदा तपासली. या वेळी दादाने नाही, वहिनीने नाव मोठ्याने वाचलं.

"बाबा, ओटीपी आला असेल. सांगा."

दादाने टेबलावरचा फोन उचलला, हातभर लांब धरून पाहिला. "नाही आला."

पडद्यावर आकडे उलटे पळत होते. तीन मिनिटांची मुदत होती. चिऊने खिडकी उघडली, दादाला खिडकीजवळ उभं केलं, फोन बंद करून चालू करायला लावला. मुदत संपली.

"पुन्हा करू. पण तीन वेळा असं झालं तर खातं चोवीस तास बंद पडतं. तसं झालं तर शुक्रवार गेलाच."

दुसऱ्या वेळी चिऊने वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांचं लक्ष फोनकडे नव्हतंच, आत्याकडे होतं. फोन त्यांनी तळहाताखाली झाकून टेबलावर ठेवला होता.

"बाबा, बघा तरी."

"अगं, बघितलं. या देशात माझ्या फोनवर मेसेज येत नसतील. आपलं कार्ड तिकडचं."

"रोमिंग मी स्वतः चालू करून दिलंय तुम्हाला."

"मग बंद पडलं असेल." त्यांचा आवाज चढला. "आणि नाही झालं काम, तर आभाळ कोसळणार आहे का? आपलं घर आहे. वरची खोली बांधून तयार आहे, सात वर्षं तिला कुलूप आहे. हिला कोण म्हणतंय की परक्या देशात खिडक्या-खिडक्यांवर उभी राहा आणि दरवर्षी हात पसर?"

"हात पसरत नाही दादा, अर्ज करते," आत्या शांतपणे म्हणाली.

"तेच ते. इथे करणार काय तू? नोकरी गेली. हा व्हिसा घेतलास तर नोकरी करताही येणार नाही."

"मला इथे काही करायचं नाहीये. मला इथे राहायचंय."

दुसरी मुदतही संपली. दादा खुर्ची मागे सारून उठला आणि गॅलरीत गेला. फोन त्याच्या हातातच होता.

चिऊला रडू येत होतं. महिन्यापूर्वी बाबांचा फोन आला तेव्हा, मी आत्याला समजावते, तिला घेऊनच जा, असं तिनेच म्हटलं होतं. तेव्हा ते तिला खरंच सोयीचं वाटलं होतं. आत्याचं म्हातारपण एकटीच्या अंगावर येईल या विचाराने ती तेव्हा घाबरली होती. आता ते आठवून तिला शरम वाटली.

"आत्या, मी जाऊन त्यांच्या हातातून फोन घेऊ का?"

"नको," आत्या म्हणाली. "चहा टाक."

वहिनी मात्र उठली होती.

*

गॅलरी अरुंद होती. दोघं उभे राहिले तर तिसऱ्याला जागा नव्हती. खाली गल्लीत एक माणूस दुचाकीचं चाक काढून पाण्याच्या टबात ट्यूबचं पंक्चर शोधत बसला होता.

"फोन द्या," वहिनी म्हणाली.

"कशाला?"

"सकाळी विजेच्या बिलाचा मेसेज आला. तुम्हीच मला वाचून दाखवलात. कार्ड तिकडचं होतं तेव्हाही."

दादा खालच्या माणसाचं पंक्चर शोधणं बघत राहिला.

"दोन्ही वेळेला आला ना?"

"हो."

वहिनीने त्याच्याकडे बघितलं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस चिडका होता, हट्टी होता, पण खोटारडा कधीच नव्हता. खोटं बोलायची सवय नसल्यामुळेच तर इतकं वाईट बोलला होता.

"तिसरं तिकीट काढलंय मी," दादा म्हणाला. "रविवारचं. आपल्या शेजारचीच सीट."

"मला न विचारता?"

"तू नको म्हणाली असतीस."

"आणि तिला विचारलंत?"

"तीही नको म्हणाली असती." आणि मग त्याला स्वतःलाच ते ऐकू आलं.

"मलाही ती यायला हवी होती," वहिनी म्हणाली. "खरं सांगते. म्हटलं, तुमच्याशी भांडायला घरात आणखी एक माणूस होईल, मला जरा विसावा मिळेल. पण आज सकाळी तुम्ही मागून खाली मान घालून चालत होतात. मी वर बघत होते. अहो, या गल्लीतली निम्मी माणसं वन्संच्या दातांनी जेवतात. आपल्या वरच्या खोलीत येऊन ती काय करणार? माझी भाजी निवडणार?"

दादाने कठड्यावर दोन्ही हात टेकले. चूक ती चूकच होती. चिऊचं नाव त्याने मुद्दाम दाबलं नव्हतं. बेबीने पैसे मागितले तेव्हा त्याच दिवशी पाठवून मोकळा झाला होता तो. पण आज बँकेतल्या मुलीने मान हलवली आणि त्याला आतून बरं वाटलं. ते बरं वाटणं त्याला दिवसभर छळत होतं. छापखाना बुडाला तेव्हा घरातलं सगळ्यात धाकटं माणूस बाहेर पडलं, बेचाळिसाव्या वर्षी, नवी भाषा शिकून, आणि तिच्या पाठवलेल्या पैशांवर आईचं औषधपाणी झालं, चिऊची शाळा झाली. एकोणीस वर्षं तीच पाठवत होती आणि तो घेत होता. परतफेड म्हणून त्याला एकच गोष्ट सुचली होती, तिच्यासाठी खोली. आणि तिला ती नको होती.

"मी कोणत्या तोंडाने जाऊ आता आत?" तो म्हणाला.

"आहे त्याच," वहिनी म्हणाली आणि वाट मोकळी करून बाजूला झाली.

*

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. चहाचे कप टेबलावर होते. दादा येऊन आत्याच्या समोर बसला आणि फोन त्याने उताणा, दोघांच्या मध्ये ठेवला.

"बेबी, मेसेज आले होते."

चिऊच्या हातातला चमचा बशीत पडला.

"मला माहीत आहे," आत्या म्हणाली. "तुझा फोन थरथरतो तेव्हा टेबल थरथरतं. दोन्ही वेळेला माझ्या कोपराला कळलं."

"मग बोलली का नाहीस? सरळ घ्यायचास हातातून."

"घेतला असता. अवघड नव्हतं. तू पुन्हा या घरी पाऊल टाकलं नसतंस मग."

दादाने मान खाली घातली.

"दादा, तुला वाटतंय मी तुमच्यावर रुसून इथे राहतेय. तसं नाहीये. पहिली सहा वर्षं मी रोज परत यायचा विचार करायचे. कॅलेंडरवर दिवस खोडायचे, लहान पोरासारखे. मग एकदा आजारी पडले, आठ दिवस. कवळ्यांच्या वर्कशॉपमधल्या कुणीही मला विचारलं नाही की तुमच्या घरचे कधी येणार. आळीपाळीने जेवण घेऊन आले, भांडी घासून गेले, माझ्या टेबलावरचं काम आपसात वाटून घेतलं. बरी झाल्यावर बघते तर कॅलेंडर मागच्याच महिन्यावर राहिलं होतं. त्यानंतर दिवस खोडावेसे वाटलेच नाहीत."

"मला हे कधी सांगितलं नाहीस."

"तू दर फोनला एकच विचारायचास, कधी येतेस. त्याला उत्तर काय देणार?"

वहिनीने दादाच्या कपात साखर टाकली, ढवळली आणि कप त्याच्यापुढे सरकवला.

"म्हातारपणी पडलीस, झडलीस तर?" दादा म्हणाला. आता आवाजात चीड नव्हती.

"विमा काढलाय. व्हिसाला तो लागतोच. कागद त्या निळ्या फाइलमध्ये आहे, तपासून घे. नेमेन तर दोनच माणसं प्रुफं तपासायला नेमेन, एक तू आणि दुसरा पण तूच."

दादाला हसू आलं. ते त्याने दाबलं नाही.

"आणि मी आहे ना इथे," चिऊ म्हणाली. तिने ते पटकन म्हटलं, विचार बदलायच्या आत. आत्याने तिच्याकडे पाहिलं.

"तू असशील तोवर आहेस. तुझी नोकरी दुसऱ्या गावात लागली तर जायचंस. माझा व्हिसा माझ्या नावावर आहे, तुझ्या नाही. म्हणून तर ही सगळी उठाठेव."

चिऊने मान हलवली. मग लॅपटॉप पुढे ओढला.

"बाबा, शेवटची वेळ आहे ही. दाबू?"

"थांब." दादाने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. पडद्यावरचं आत्याचं नाव त्याने एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचलं. मग खाते क्रमांक उलटा, शेवटच्या आकड्यापासून पहिल्यापर्यंत, छापखान्यात आकड्यांचे तक्ते तपासायचा तसा. मग रक्कम. "चूक नाही. दाब."

टेबल थरथरलं. दादाने फोन उचलला आणि आकडे एकेक करून, मध्ये श्वास घेत वाचले. चिऊने टाइप केले. पडद्यावर गोल चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि मग हिरवी खूण आली.

तीन वाजून बत्तीस मिनिटं.

"पोचले?" वहिनीने विचारलं.

"निघाले," आत्या म्हणाली. "गुरुवारी पोचतील."

*

गुरुवारी दुपारी पोचले. बँकेतल्या त्या मुलीने पत्र छापून, सही-शिक्का करून दिलं, आणि शुक्रवारी पावणेदहाला चौघंही व्हिसाच्या ऑफिसात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसले होते. चिऊने पाळी बदलून घेतली होती. त्यांचा क्रमांक एकोणचाळीस होता आणि पाटीवर बावीस होतं. आत्याच्या मांडीवर निळी फाइल होती. दादाने ती आदल्या संध्याकाळी तपासली होती आणि विम्याच्या कागदावर जन्मतारखेत एक आकडा चुकलेला काढला होता. सकाळी आठ वाजता विमा कंपनीच्या दारात उभं राहून आत्याने तो दुरुस्त करून आणला होता. तो तसाच राहिला असता तर आज परत जावं लागलं असतं. हे दादाने आतापर्यंत तीनदा सांगितलं होतं आणि कुणीही त्याला अडवलं नव्हतं.

एकोणचाळीस आला. खिडकीमागे जाड भिवयांचा एक अधिकारी होता. त्याने बँकेचं पत्र वाचलं, विमा वाचला, फोटो आणि चेहरा ताडून पाहिला. दोन प्रश्न विचारले. आत्याने दोन्हींची उत्तरं एकेका वाक्यात दिली. त्याने पासपोर्टचं एक कोरं पान सपाट केलं आणि शिक्का मारला.

"एक वर्ष," आत्याने वळून सांगितलं. "पुढच्या वर्षी पुन्हा यायचं, रक्कम तशीच ठेवायची."

चिऊने तिला मिठी मारली. वहिनीने डोळे पुसले आणि नाक जोरात शिंकरलं.

दादा मात्र खिडकीजवळच उभा होता. "बेबी, त्याला विचार, पाहुण्याला किती दिवस राहता येतं?"

"कोणत्या पाहुण्याला?"

"मला. आम्हाला."

आत्याने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, मग खिडकीशी वाकून विचारलं. अधिकाऱ्याने दोन्ही पासपोर्ट मागून घेतले, पानं उलटली आणि काहीतरी सांगितलं.

"तीस दिवस मिळालेले आहेत. हवे असतील तर आणखी साठ वाढवून मिळतात. अर्ज आजच करता येईल. खिडकी नंबर सात."

दादाने हळूच वहिनीकडे पाहिलं. तिला न विचारता काही ठरवायचं नाही, एवढं या आठवड्यात तो शिकला होता. "तुला काय वाटतं?" असं विचारायला त्याने तोंड उघडलं.

पण वहिनी त्याच्या शेजारी नव्हती. खिडकी नंबर सातसमोर अकरा माणसांची रांग होती, आणि पर्स काखेत घट्ट धरून ती बारावी उभी होती.

"अहो," तिथूनच ती ओरडली, "बघत काय बसलात? पासपोर्ट आणा!"